झिपलॉक रंगकाम, अपडेट ४: गळती सापडली एकदाची!!

झिपलॉक पिशवीत कॉर्नफ्लोअरचं रंगीत जेल भरायचं, ती काचेवर चिकटवायची आणि लेकीने बाहेरून बोटाने रंग सरकवायचे, असा हा आमचा खेळ. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की पिशवीला चारी बाजूंनी टेप लावला की प्रश्न मिटला, तर नाही मिटला. परवा सकाळी उठून बघते तर गॅलरीच्या काचेवर आडव्या लावलेल्या पिशवीतून निळा ओघळ थेट फरशीपर्यंत आणि लेक त्यात बोटं बुडवून बसलेली. पोस्टर कलर होता म्हणून ओल्या फडक्याने निघाला. ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिकच होतं, निघत नाही, म्हणून परत सांगते, एवढ्या लहान मुलांसाठी ते आणूच नका.

मग ती पिशवी धुवून, पाणी भरून, दाबून दाबून बघितली. भोक नाही, कडा पक्क्या, गळतं ते झिपमधूनच. मी चमच्याने रंग भरते तेव्हा तोंडाशी थोडा लागतोच, आणि कॉर्नफ्लोअरचा एवढासा कण जरी खाचेत अडकला तरी झिप बोटाला बंद लागते पण तेवढ्या जागी उघडीच असते. पण मग पहिल्या दिवशी का नाही गळत? कारण घट्ट जेल त्या फटीतून येतच नाही, येतं ते पाणी! कॉर्नफ्लोअर शिजवून ठेवलं (मी कपभर पाण्याला दोन मोठे चमचे घेते, पारदर्शक होईपर्यंत) की दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्तच, आणि ते रंगीत पाणी रात्रभर झिरपत राहतं. तीन आठवडे मी पिशव्यांना दोष देत होते.

उपाय मेंदीच्या कोनाचा. दुधाच्या पिशवीचा कोन वळला, पिशवीचं तोंड पेल्यावर बाहेर दुमडलं आणि रंग थेट तळाशी सोडला, झिपला थेंबही लागला नाही. मग हवा काढून झिप बंद, वर मास्किंग टेप. काल दुपारी लावली, खाली टिश्यू ठेवला होता तो आज संध्याकाळपर्यंत कोरडा ठणठणीत!!

कोनामुळे अजून एक झालं, रंग हवा तिथे पडतो. एका कोपऱ्यात पिवळा, दुसऱ्यात निळा, मधे पांढरा. लेकीने अंगठ्याने पिवळा ढकलत ढकलत नेला, निळ्याला टेकला तशी थांबली, नाक काचेला लावून बघितलं आणि ओरडली, "आई, हिलवा आला!" लाल मी मुद्दामच घातला नाही, लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की पाच मिनिटांत चिखल होतो.

पिशव्या बोहरी आळीतून जाड बघून घेतल्या. आधीच्या ऑनलाइनवाल्या पातळ होत्या, बोट फिरवलं की चुण्या पडायच्या. आणि पिशवी कितीही जाड असली तरी मुलाला तिच्यासोबत एकटं सोडायचं नाही.

पुढच्या वेळी कागद आत सरकवून ठिपक्यांचे ठसे घ्यायचं ठरवलं होतं, पण आत्ता लिहिता लिहिता डोक्यात आलं, पाणी सुटणं हाच मूळ त्रास असेल तर कॉर्नफ्लोअरच कशाला? इसबगोल पाणी किती धरून ठेवतो! कागद राहू दे, आज रात्रीच दोन चमचे भिजत घालते, एक पिशवी इसबगोलाची आणि एक कॉर्नफ्लोअरची, दोन्ही शेजारी शेजारी काचेवर, खाली टिश्यू. कुणी आधी करून बघितलं असेल तर प्रमाण सांगा, फार दाट झालं तर तिच्या बोटाने सरकणार नाही.