दोन वेतनवाढी आणि एक शब्द

आदेश आला तेव्हा मी बारनिशीतच, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक शाखेतच होते. शिपाईमामांनी बंद पाकीट टेबलावर ठेवलं आणि पोचवही पुढे केली. आदेशावर तारीख होती ११, माझ्या हातात पडला २९ला. सही केली आणि सवयीनं खाली त्या दिवसाची तारीख टाकली. आवक-जावकमध्ये वर्षं काढली की हात आपोआप तारीख टाकतो. त्या सवयीनं माझे अठरा दिवस वाचवले, हे मला नंतर कळलं.

पाकिटात दीड पान होतं. रेकॉर्डरूममधली कुळकायद्याची एक जुनी संचिका सापडत नाही, तुम्ही त्या वेळी कार्यभारात होता, सबब 'खुलासा समाधानकारक नसल्याने' दोन वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यात येत आहेत. खुलासा का समाधानकारक नाही, याबद्दल अवाक्षर नाही. खरं तर संचिका मागितली गेली त्याच्या तीन आठवडे आधी मी रेकॉर्डरूमचा कार्यभार दिला होता. कार्यभार यादीवर घेणाऱ्याची सही होती, आणि ती संचिका ज्या बस्त्यात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) होती तो बस्ता यादीत क्रमांकासकट होता. यादीची प्रत मी खुलाशाला जोडली होती. ती कोणी उलटून पाहिली असेल असं वाटत नाही. 'खुलासा समाधानकारक नाही' ही ओळ मी स्वतः आस्थापनेला, म्हणजे कर्मचाऱ्यांची प्रकरणं पाहणाऱ्या शाखेत, असताना कितीतरी जणांच्या आदेशात टाईप केलेली आहे, त्यामुळे ती कशी येते हे मला चांगलं ठाऊक आहे.

कार्यालयात दोनच सल्ले मिळाले. एक, साहेबांना जाऊन भेट. दुसरा, गप्प बस, अपिलात शिक्षा वाढवूनसुद्धा देतात. दुसऱ्यात तथ्य आहे. अपील प्राधिकाऱ्याला शिक्षा वाढवता येते. पण तसं करण्याआधी आपलं म्हणणं ऐकावं लागतं, आणि मोठी शिक्षा द्यायची तर चौकशीही लागते. हे सांगायला कोणी नव्हतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त चिटणीस राहतात. संध्याकाळी आदेश घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"अगं, हे 'कायमस्वरूपी' आहे ना, मग तुझी चौकशी कधी झाली?"

"चौकशी कुठली काका? नुसती नियम १०ची नोटीस आली होती."

"मग रडतेस कशाला? बस, चहा घे."

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आम्हा सगळ्यांच्या टेबलावर असतात, उघडत कोणी नाही. वेतनवाढ रोखणं ही किरकोळ शिक्षा, ती नियम १०खाली नोटीस देऊन आणि खुलासा घेऊन देता येते. पण 'तात्पुरती' रोखली तर मुदत संपल्यावर पगार जिथे असायला हवा तिथे येतो. 'कायमस्वरूपी' रोखली की ती मूळ वेतनाची ३ टक्क्यांची पायरी कायमची गेली. पुढच्या प्रत्येक वाढीत ती कमी धरली जाते आणि शेवटी निवृत्तिवेतनातही खड्डा पडतो. म्हणून असा परिणाम होणार असेल तर नियम ८प्रमाणे पूर्ण विभागीय चौकशी व्हावी लागते: दोषारोपपत्र, चारही जोडपत्रं, साक्षीदार, उलटतपासणी. सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली कुलवंतसिंग गिल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात हेच सांगितलं, की कायम परिणाम करणारी वेतनवाढबंदी ही मोठी शिक्षा आहे. हा निकाल काकांना तोंडपाठ होता.

अपिलाची मुदत ४५ दिवस, आणि ती आदेश हातात पडल्यापासून मोजतात. तिथे ती पोचवहीतली तारीख कामाला आली. तिसऱ्याच दिवशी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून माझ्या प्रकरणाची टिपणी, म्हणजे फाईलवरचे कार्यालयीन शेरे, मागितली. एकतिसाव्या दिवशी नकला मिळाल्या, दोन रुपये पान. त्यात आस्थापनेच्या लिपिकाचा मूळ प्रस्ताव होता: 'दोन वेतनवाढी तात्पुरत्या स्वरूपात'. त्यातलं 'तात्पुरत्या' हिरव्या शाईनं खोडून वर 'कायमस्वरूपी' लिहिलं होतं. कारण काहीच नाही. ते पान मी घरी ट्यूबलाइटखाली धरून कितीदा पाहिलं असेल.

अपिलाचा माझा पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यातली सहा पानं साहेबांच्या स्वभावाबद्दल होती. काकांनी तांबड्या पेनानं ती आडवी छाटली. अपिलात अनादराची भाषा चालत नाही, हे नियमातच आहे, आणि वाचणाऱ्याला तुझ्या रागात रस नाही, असं म्हणाले. "आधी पद्धत चुकली ते लिही. मग पुरावा काय सांगतो ते. शिक्षा जास्त कशी, ते सगळ्यात शेवटी." मला हा क्रम पटत नव्हता. मला वाटत होतं, मी संचिका हरवलेली नाही हेच पहिल्या ओळीत यावं. पण अपील प्राधिकारी याच तीन गोष्टी, याच क्रमानं तपासतात. शेवटी चार पानं उरली. एकेचाळिसाव्या दिवशी विभागीय आयुक्तांकडे अपील रजिस्टर पोचनं पाठवलं. प्रत आदेश देणाऱ्या कार्यालयात हातोहात दिली आणि माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. शिक्का पुसट उमटला होता, पुन्हा मारायला लावला.

मग काहीच नाही. सहा महिने झाले तरी निकाल लागला नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जाता येतं. पण त्यालाही मुदत आहे: सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. (माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला वाटायचं, तिलाही मॅट आहे. नाही. त्यांचे नियम वेगळे आणि पुढे थेट उच्च न्यायालय.) सातव्या महिन्यात मी एक साधं स्मरणपत्र दिलं आणि त्यात मॅटचा उल्लेख केला. तीन आठवड्यांत सुनावणीची नोटीस आली. योगायोग असेलही.

सुनावणी दहा मिनिटांची. कार्यभार यादी मी पिशवीतून काढेपर्यंत प्रश्न आला, "चौकशी झाली होती का?" आमच्या कार्यालयाकडून आलेले लिपिक खाली पाहत म्हणाले, "नाही साहेब." यादी तशीच हातात राहिली.

निकाल आला: आदेश रद्द, नियमानुसार चौकशी करण्याची मुभा कार्यालयाला. म्हणजे मी निर्दोष आहे असं कोणीच म्हटलेलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि काकांना माझं वाईट वाटणं समजत नाही. नवी चौकशी मात्र अजून कोणी लावलेली नाही.

सेवापुस्तकात जुनी नोंद तांबड्या शाईनं रद्द झाली, वेतननिश्चिती झाली. थकबाकीचं देयक कोषागारात गेलं आणि पंधरा दिवसांत आक्षेप लागून परत आलं: सेवापुस्तकातील रद्द नोंद साक्षांकित नाही. सोमवारी साक्षांकित करून घ्यायचंय.