पाय टेकले, हात पोचेनात

माझी उंची पाच फूट. सिग्नलला थांबल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकणं म्हणजे काय सुख, हे उंच माणसांना सांगून कळत नाही. बजाज अ‍ॅव्हेंजर या मोटरसायकलची सीट 737 मिलिमीटरवर, म्हणून तीच घ्यायची ठरवली. जुनीच बघत होते. कोल्हापुरात राजारामपुरीत ओळखीतून तिचंच 2016 चं 220 स्ट्रीट मॉडेल मिळालं, एमएच 09 पासिंगचं, काळं.

गाडी दारात लगेच आली, नावावर व्हायला मात्र घाम फुटला. आधीच्या मालकांनी कर्ज कधीच फेडलेलं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्सचा बोजा तसाच. हप्ते संपले की तो आपोआप उतरत नाही. कर्ज देणाऱ्यांची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा, त्यांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो. त्यांची इथली शाखा केव्हाच गुंडाळलेली, त्यामुळं फोनवर फोन. तो कागद हातात आल्यावर गाडी नावावर करायला लागणारा विकणाऱ्याचा फॉर्म 29 आणि माझा 30 ही कामं सरळ झाली. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, सौदा ठरवायच्या आधी आरसीवर बोजा आहे का ते बघा. नंतर मालक फोन उचलतीलच असं नाही. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला द्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. विम्याचा हप्ता त्यामुळं थोडा वाढला.

आता गाडीचं. पाय टेकले खरे, पण स्ट्रीटचं हँडल सरळ दांड्यासारखं, हात पोचेनात. पुढं वाकून चालवायची, त्यात फूटरेस्टही पुढं, म्हणजे सगळा भार कंबरेवर. पन्हाळ्याला जाऊन आले आणि रात्री पाठीला शेक घेत बसले. उपाय घरातलाच निघाला: त्याच गाडीच्या क्रूझ मॉडेलचं हँडल उंच आणि मागं वळलेलं असतं. तेच आणलं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बसवून दिलं. मी खूश होऊन किल्ली मागितली, तर म्हणाले, “थांबा ताई, गडबड करू नका.” गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, आणि त्यांनी हँडल हळूहळू पार डावीकडं वळवलं, मग उजवीकडं. उजवीकडं टोकाला गेलं की इंजिनचा आवाज चढायचा. “अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणती, रेस आपसूक वाढती. यू-टर्नला गाडी अंगावर यायची.” मग केबल्याही क्रूझच्याच घातल्या. ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळीही त्याच पद्धतीनं तपासली. हँडल बदलणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी करावं, पाच मिनिटांचं काम आहे.

आईसाठी पाठटेकू हवं होतं. ते उद्यमनगरातच स्टीलच्या पाइपचं करून मिळालं, कंपनीच्याच भोकांत बोल्टनं आवळून. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग लावायला मिस्त्रींनी साफ नकार दिला, मलाही ते नकोच होतं. साडी गार्ड काढला की गाडी देखणी दिसते असं भाचा म्हणतो. दिसत असेल. मागं बसणाऱ्याचा कपडा चाकात जाऊ नये म्हणून तो नियमानंच लागतो, आणि आमच्याकडं मागं नऊवारी बसते.

भाच्याचा दुसरा हट्ट मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा. आपल्याकडं गाडीचा ‘नाद’ म्हटलं की आधी आवाजच आठवतो, मला त्याचा तिटकारा आहे. शिवाय बेकायदा बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए खाली बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टाकीचा रंग बदलायचा तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. राहू दे काळीच.

परवा गगनबावड्यापर्यंत जाऊन आले. पाठ काही बोलली नाही. सरळ रस्त्यावर ही गाडी झकास, घाटातल्या आवळ वळणांवर मात्र लांबी जाणवते, बेत आधीच करावा लागतो. ऊस हंगामात जोडट्रॉल्यांच्या मागं तर घाई करूच नये. खड्डा आला की पाय पुढं असल्यानं उठून उभं राहता येत नाही, दणका थेट माकडहाडाला. मागचे शॉकअप एक खाच मऊ करून बघितले. एकटीला बरं वाटतं, आई बसली की परत कडक करावे लागतात. त्यासाठीचा पाना आता सीटखालीच ठेवते.