झिपऱ्याची वेणीफणी

मार्गशीर्षातली दुपार होती. भाचीकडे जेवण झालं की तिच्या दिवाणावर आडवं व्हायचं आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवता सोडवता डोळा लागू द्यायचा, हा माझा ठरलेला कार्यक्रम. समोर जेवणाच्या टेबलावर (हो, जेवणाच्याच, मी बोलायचं सोडून दिलंय) रबरी चटई अंथरलेली, तिच्यावर तिचा कुत्रा कुशीवर निजलेला आणि ती त्याचे केस विंचरतेय. हे रोजचंच. पण त्या दिवशी माझी नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. गुंत्याच्या जरा वर, मुळाच्या बाजूला, केसांची बट तिने मुठीत घट्ट धरली होती आणि मुठीच्या खालचा भाग कंगव्याच्या टोकाने हलके हलके सोडवत होती. असं धरलं की ओढ कातडीपर्यंत पोचत नाही. डोळे मिटून घेतले असते तरी माझ्या टाळूने ती मूठ ओळखली असती.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"यूट्यूबने," ती म्हणाली. "टोकाकडून सोडवायचं असतं मावशी. मुळाशी एकदम कंगवा घातला की तुटतात."

हे मला सांगते!

कुत्रा शिह त्झू जातीचा. या चिनी शब्दाचा अर्थ सिंह. उंची जास्तीत जास्त सत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे हा सिंह आमच्या देव्हाऱ्याच्या पाटाखालून वाकूनच गेला असता. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब आणि इंग्रजी. घरात त्याला सिंबा म्हणतात. मी मनातल्या मनात झिपऱ्या म्हणते. त्याला ते कळतं असावं, कारण तो माझ्याकडे कधी नीट बघत नाही. अर्थात कपाळावरचे केस वर बांधलेले नसले तर तो कोणाकडेच नीट बघू शकत नाही.

तो बांधलेला बुचडा हा आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या पोरांचा आवडता विषय आहे. संध्याकाळी भाची त्याला फिरवायला नेते तेव्हा कोपऱ्यावर हमखास कोणीतरी विचारतं, "दीदी, ये लड़की है क्या?" ती शांतपणे सांगते, "लड़का है भिया." पोरगं बुचड्याकडे बघतं, रबराकडे बघतं, आणि आपल्याला फसवतायत अशा चेहऱ्याने निघून जातं.

थंडी पडली की आपल्याकडे या कुत्र्यांच्या शोंचे दिवस सुरू होतात. झिपऱ्याचा शो पंधरा दिवसांवर आला होता आणि घरात दहावीच्या परीक्षेचं वातावरण होतं. त्याला बागेत सोडायचं नाही, मातीत लोळू द्यायचं नाही, आणि जेवताना कान पाण्याच्या भांड्यात बुडू नयेत म्हणून डोक्याला जाळीचा पट्टा. कोरड्या केसांना ब्रश लावायचा नाही, हा पहिला नियम. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि थोडं कंडिशनर; त्याचा शिडकावा मारायचा, मगच हात लावायचा. पोटाकडून सुरुवात करायची. सगळे केस वर उलटवून धरायचे, खालची बोटभर ओळ तेवढी मोकळी सोडायची, तिचा गुंता टोकाकडून काढायचा, आणि मग कातडीपासून टोकापर्यंत एक लांब हात. ती झाली की वरची ओळ खाली घ्यायची. असं थरावर थर करत पाठीच्या कण्यापर्यंत पोचायचं. मग कुत्रा उलटा करून दुसरी बाजू. नुसता वरवर ब्रश फिरवला तर कुत्रा दिसतो गुळगुळीत, आणि आत कातडीलगत नमदा तयार होत असतो. ब्रशच्या पिनांना टोकाशी मणी नकोत, त्यात केस अडकून तुटतात. शेवटी स्टीलचा कंगवा घालून बघायचा. तो कुठे अडला नाही तर पास.

मी हे सगळं इतकं ऐकलंय की मला शोला पाठवलं तरी चालेल. कुत्रा म्हणून नाही.

गुंता व्हायच्या जागाही ठरलेल्या: कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली. दहाएक महिन्यांचा असताना त्याचे पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस यायला लागले, तेव्हा तर रोज सकाळी नवी गाठ. भाची त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळते आणि दोन्ही हातांच्या बोटांनी गाठ आडवी न ओढता उभी फाकवत बसते. एकेका गाठीला वीस मिनिटं. तिचा नवरा एकदा म्हणाला, "कात्रीने काढून टाक ना." त्यावर आम्ही दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे जे पाहिलं, ते पाहून तो दुकानात निघून गेला.

कात्री लावणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात अढी आहे. लोकरीच्या गुंड्याचा गुंता कापणारे, पार्सलाची सुतळी कापणारे, पतंगाचा मांजा कापणारे. गाठ समोर असताना ती न सोडवता पुढे जाववतं कसं? मी बँकेत नोकरी केली तेव्हा फायलींच्या लाल नाड्या सोडवून गुंडाळून ठेवायची. खणात त्यांचा एक मोठा गोळा साठला होता. निवृत्तीच्या दिवशी तो शिपायाला देऊन आले. त्याने तो माझ्यासमोरच टोपलीत टाकला.

आंघोळीचंही एक शास्त्र. आधी विंचरायचं आणि मग न्हाऊ घालायचं, कारण गाठ भिजली की आवळते. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, दाबून दाबून पाणी टिपायचं. वाळवायचं तेही विंचरता विंचरता; एका हातात ब्रश, आणि ड्रायर स्टँडवर लावलेला. केस असेच वाळू दिले तर वळतात, आणि या जातीला कुरळे केस चालत नाहीत, फार तर जराशी लाट. वाळून झालं की शेपटीसारखा निमुळता दांडा असलेल्या कंगव्याने मानेपासून शेपटाच्या मुळापर्यंत भांग. तो भांग सरळ यावा म्हणून ती श्वास रोखून धरते आणि कुत्र्याला सांगते, "मान सरळ." तोही धरतो.

दोन शोंच्या मधल्या काळात केस तुटू नयेत म्हणून त्यांच्या पुड्या बांधतात. खोटं नाही सांगत. एक बट घ्यायची, पातळ कागदात गुंडाळायची, दोन-तीनदा दुमडायची आणि वर रबर लावायचं. अंगभर अशा पुड्या लटकवून कुत्रा घरात फिरतो तेव्हा मारोठिया बाजारातला एखादा पंसारी आपलं दुकानच अंगावर घेऊन निघाल्यासारखा दिसतो. दर दोन-तीन दिवसांनी पुड्या सोडायच्या, विंचरायचं, पुन्हा बांधायच्या.

आणि एवढं करून रिंगणात काय, तर दोन मिनिटं. लहान जातीच्या कुत्र्यांना परीक्षक टेबलावर उभं करून घेतात, दात बघतात, आणि ते सगळे विंचरलेले केस हातांनी चाचपत खालची हाडं, खांदे, फासळ्या तपासतात. म्हणजे महिनोन्‌महिने केस सांभाळायचे आणि परीक्षकाने ते बाजूला सारून आतला कुत्रा बघायचा! भाचीला यात काहीच विनोदी वाटत नाही. ती मला या जातीचा इतिहास ऐकवते. इंग्लंडात आधी ल्हासा अप्सो नावाच्या जातीचे कुत्रे आणि हे एकाच नावाखाली धरायचे. १९३४ साली दोघांना वेगळं काढलं. म्हणजे वाटण्या झाल्या, मी म्हणते. आपल्याकडची कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था १८९६ची, हेही तिनेच सांगितलं. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली: नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे याचा चेहरा शेवंतीच्या फुलासारखा दिसावा, असं त्या जातीच्या नियमातच लिहिलंय. मी उठून त्याच्या तोंडाजवळ जाऊन बघितलं. दिसतो. पिवळी नाही, ती पांढरट, जरा उलगडत आलेली शेवंती. मधोमध काळं नाक.

दत्तजयंती चार दिवसांवर होती. कृष्णपुऱ्याच्या दत्ताला जायचं, असं मनात चाललं होतं आणि एकदम लक्षात आलं की दत्ताजवळच्या चार कुत्र्यांपैकी एकाच्याही अंगावर विंचरण्याजोगे केस नाहीत. चारही आपले गल्लीतले, आखूड केसांचे, हाडकुळे. चार वेद ते. खंडोबाचा कुत्राही तसाच. आपल्या देवांनी ही कटकट घरी आणली नाही. केसांची सगळी कटकट आपल्याकडे बायकांच्या वाट्याला.

रामबागेतल्या आमच्या वाड्यात रविवार हा न्हाण्याचा वार. बंबाचा धूर, मारोठिया बाजारातून आणलेली शिकेकाई, रिठे, त्यात नागरमोथा आणि कचोरा. ते पाणी डोळ्यांत गेलं की अर्धा तास जगात दुसरं दुःख नसायचं. मग उदाच्या धुरावर केस वाळवणं. मग ओळ. वाड्यात आम्ही सहा मुली होतो आणि सहाही जणींची वेणीफणी आत्याआजीकडे. ती माझ्या वडिलांची आत्या. मागच्या पडवीत पाय पसरून बसायची, आम्ही एकेक करून तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. गुडघे असे आवळलेले की सुटका नाही. आधी दाट दातांची फणी, उवा असोत नसोत. मग मोठा कंगवा. आई विंचरायची तेव्हा वाडाभर किंकाळ्या ऐकू जायच्या. आत्याआजी विंचरायची तेव्हा मला झोप यायची. ती ती मूठ धरायची. गुंता सोडवून झाला की तो हाताला लागलेला केसांचा पुंजका बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवायची, शेवटी सगळ्यांचे मिळून टाकायला. तिन्हीसांजेच्या आत सहाही वेण्या झाल्याच पाहिजेत, लाल रिबिनींसकट.

आत्याआजी स्वतः लाल आलवण नेसायची. पदर कपाळाच्या खालपर्यंत. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिचा नवरा गेला, तेव्हा ती सतरा की अठरा वर्षांची होती. मी तिला पाहिलं ते १९७०च्या आसपास, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेलेली. महिन्यातून दोनदा सकाळी लवकर मागच्या दाराशी न्हावी यायचा. तेव्हा आम्हाला पुढच्या ओटल्यावर पिटाळायचे. का पिटाळतात ते कोणी सांगत नसे, आणि न सांगता सगळ्यांना माहीत असे. घरात नवी विचारसरणी होती, वडील तिला म्हणायचे, "आत्या, आता पुरे झालं की हे, कोण काय म्हणतंय?" ती म्हणायची, "मला सवय झाली." आणि आत निघून जायची.

मला तेव्हा हे विचित्र वाटलं नाही. आजीला दात नव्हते, आजोबांना ऐकू येत नव्हतं, आत्याआजीला केस नव्हते. घरात कोणाला काय नाही, याची ही यादीच होती.

"मावशी, झोपलीस?" भाचीने विचारलं. तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली होती. झिपऱ्याच्या खांद्यावरचे केस ती दर महिन्याला मापते आणि वहीत लिहून ठेवते. "साडेनऊ इंच. जमिनीला टेकायला लागले." मग माझ्या कापलेल्या, मानेपर्यंतच्या केसांकडे बघत म्हणाली, "आई सांगायची, तुझे सगळ्यात लांब होते. केवढे गं?"

"कमरेपर्यंत," मी म्हटलं.

शो झाला की ती त्याच्यावर मशीन फिरवणार आहे. उन्हाळा यायच्या आत आखूड करून टाकायचे, पुढच्या वर्षी बघू म्हणते. त्यालाही बरं वाटेल. मोकळा होईल, मातीत लोळेल. ती कुत्र्याला उलटं करून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या ओळीवर शिडकावा मारायला लागली.

हाच प्रश्न मीही एकदा विचारला होता. चौथीत असेन. तिच्या गुडघ्यांत पाठमोरी बसलेली, समोर फडताळाच्या दाराला टेकवलेला आरसा, आणि आरशात आम्ही दोघी. "आत्याआजी, तुझे केस केवढे होते गं?"

हात थांबले. आरशात मला दिसलं, तिचा फणी धरलेला उजवा हात तिच्या खांद्यापाशी गेला, तिथून हळूहळू खाली, कमरेपर्यंत. तिथे थांबला नाही. आणखी खाली गेला, आरशाच्या बाहेर, मला दिसेना.

मग पुन्हा वर आला. "मान सरळ ठेव," ती म्हणाली.