पोकरच्या वॉलेटमधले पैसे आणि माझं माहेरचं नाव : माझा अनुभव

२० ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. मी ज्या साइटवर पैसे लावून पोकर खेळायचे तिथली टेबलं त्याच आठवड्यात बंद पडली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद कायद्याने बाजूलाच ठेवला. पैसे लावून ऑनलाइन खेळायचं तर दोन्ही बंद. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि त्या पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. वॉलेटमध्ये उरलेले पैसे काढून घ्या, असा कंपनीचा ईमेल आला. बरोबरच्या बहुतेकांचे निघाले. माझे अडकले, कारण बँकेच्या खात्यावर माझं नाव माझ्या नकळत बदललं गेलं होतं.

कायदा योग्य की अयोग्य यावर भरपूर बोलून झालंय. मला लिहायचंय ते या नावाच्या भानगडीबद्दल. पोकर न खेळणाऱ्या बायकांनाही ती कधीही आडवी येऊ शकते.

‘एवढे पैसे तिथे ठेवलेच कशाला?’ हे मला घरच्यांपासून सीएपर्यंत प्रत्येकाने विचारलं, म्हणून आधी खेळाबद्दल थोडं. मी टुर्नामेंट खेळायचे. टुर्नामेंटमध्ये उत्तम खेळणारासुद्धा बहुतेक वेळा हात हलवत बाहेर पडतो. वर्षाची कमाई मोजक्या फायनल टेबलांवर होते. मधले कोरडे महिने निघायचे तर एका एंट्री फीच्या किमान शंभरपट बँकरोल, म्हणजे खेळाचं भांडवल, हवा, हा माझा नियम. हजार रुपयांची टुर्नामेंट रोज खेळायची तर लाख रुपये फक्त खेळासाठी बाजूला. घरखर्चाला त्यातला एक रुपयाही लागता कामा नये, आणि घरखर्चातला एक रुपयाही तिकडे जाता कामा नये. शेवटी माझ्या वॉलेटमध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास होते. ती माझी दुकानातली मालाची गुंतवणूक होती.

दिवस ठरलेला असायचा. दुपारी आदल्या रात्रीचे हँड, म्हणजे डाव, काढायचे, शंका असलेले सॉल्व्हरमध्ये (डाव कसा खेळायला हवा होता ते सांगणारं सॉफ्टवेअर) घालून तपासायचे आणि वहीत लिहायचे. संध्याकाळी सातला जेवण. आपल्याकडे लोक ऑफिसातून घरी आले की टेबलं भरतात, म्हणून आठ ते रात्री दोन हेच खरे कामाचे तास. एका वेळी चार टेबलांपेक्षा जास्त नाही. रविवारी सर्वांत मोठ्या टुर्नामेंट, म्हणून सोमवारी सुट्टी. लागोपाठ दोनदा वाईट पत्त्यांनी मोठा पॉट (डावात जमलेली रक्कम) गेला की नवीन एंट्री घ्यायची नाही. चालू असलेल्या संपवायच्या आणि लॅपटॉप मिटायचा. हा एक नियम पाळल्याने माझे जितके पैसे वाचले तितके कुठले पत्ते खेळायचे ते सांगणाऱ्या कुठल्याही चार्टने मिळवून दिले नाहीत. सासूबाईंना सुरुवातीला रात्रीचं जागरण पटत नव्हतं. घराच्या कर्जाचे हप्ते यातून जातात हे मी त्यांना वहीतच दाखवलं, तेव्हापासून रविवारी रात्री माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा भरलेला असायचा.

आता मुद्द्याचं. पॅन, पासपोर्ट, पदवी, म्युच्युअल फंड, पीएफ, सगळं माझ्या माहेरच्या नावावर आहे आणि ते मी ठरवून तसं ठेवलंय. लग्नानंतर नाव बदलावं असा कुठलाही कायदा नाही. आधार तेवढं सासरच्या नावावर आहे. लग्नानंतर पत्ता बदलायला गेले तेव्हा केंद्रावरच्या माणसाने विवाह प्रमाणपत्र पाहून नावही बदललं. पॅन-आधार जोडणी लग्नाआधीच झालेली होती, साइटवरचं केवायसीही (ओळख पडताळणी) जुनं, त्यामुळे इतकी वर्षं कुठेच काही अडलं नाही. दर महिन्याला पैसे खात्यात येत होते.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात बँकेचा मेसेज आला, केवायसी पुन्हा करा नाहीतर खातं गोठेल. शाखेत गेले, अंगठा लावला, दोन मिनिटांत काम झालं. पासबुक छापून घेतलं नाही, कारण कोणी हल्ली घेत नाही. त्या अंगठ्यासरशी खात्यावरचं नाव आधारवरून उचललं जाऊन सासरचं झालं होतं. फॉर्मवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, मला कोणी विचारलं नाही, नंतर कळवलंही नाही.

ऑगस्टमध्ये पैसे काढायला गेले तर साइटने खात्यात एक रुपया टाकून नाव तपासलं आणि लाल अक्षरांत उत्तर दिलं : खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नाही. मला वाटलं सर्व्हरवर ताण आहे, सगळेच काढतायत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग बँकेचं ॲप उघडून नाव पाहिलं आणि डोकं भणभणलं.

शाखेत काउंटरवर उत्तर मिळालं, “मॅडम, सिस्टीम आधारवरून नाव घेते. आमच्या हातात काही नाही.” मी म्हटलं, बदल तुमच्या सिस्टीमने केला, मी मागितला नव्हता, पूर्ववत करा. त्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाई अगदी समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, “अहो, पॅनच बदलून घ्या ना. लग्नानंतर सगळ्याच बदलतात. लग्नपत्रिका जोडली तरी चालते.” हे खरं आहे. पॅनवर विवाहित बाईचं नाव बदलायला विवाह प्रमाणपत्राऐवजी लग्नपत्रिकाही पुरावा म्हणून चालते. पण मला राग आला तो त्या सहजपणाचा. माझे पैसे, माझी कमाई, त्यावर माझ्याच नावाने कापला गेलेला कर, आणि ते परत मिळवायला मीच माझं नाव सोडायचं? एका पॅनमागे फंड, पीएफ, पासपोर्ट, अशी सगळी रांग बदलावी लागली असती, तेही बँकेने न विचारता केलेल्या बदलासाठी.

आधारच माहेरच्या नावावर परत न्यावं का, याचाही विचार केला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी गेलेली. दुसरी घाईत खर्च करायची नव्हती.

इकडे साइटच्या सपोर्टकडून एकच मजकूर येत होता : कृपया पॅनशी जुळणारं बँक खातं जोडा. चॅट बंद झालं होतं. तिकीट टाकलं की आपोआप उत्तर, आणि थोड्या दिवसांनी तिकीट आपोआप बंद. दुसरं खातं उघडावं म्हटलं तर तिथेही पहिल्यांदा आधारचाच अंगठा मागतात, म्हणजे पुन्हा सासरचंच नाव. रोज सकाळी उठून मेल बघायचा आणि दिवसभर चिडचिड करायची, असे ते आठवडे गेले. खेळताना वाईट पत्ते सोसायची सवय होती. पण खेळात निदान नियम माहीत असतात. इथे कोणीच नियम दाखवत नव्हतं, जो तो सिस्टीमकडे बोट दाखवत होता.

शेवटी नियम मीच वाचला. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत ओळखीची अधिकृत कागदपत्रं म्हणून आधाराबरोबरच पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, मनरेगाचं जॉब कार्ड वगैरे दिलेली आहेत. म्हणजे माझं केवायसी पासपोर्टवर होऊ शकतं, आणि पासपोर्टवर माझं नाव पॅनसारखंच आहे. नाव बदललेलं असलं तरी राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडली की जुन्या नावाचं कागदपत्र ग्राह्य धरतात, हेही त्यातच आहे.

या वेळी काउंटरवर गेलेच नाही. थेट शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज नेला, दोन प्रतींत, मराठीत. त्यात तीनच गोष्टी : माझ्या मागणीशिवाय खात्यावरचं नाव बदललं गेलं आहे, मी पासपोर्ट हे अधिकृत कागदपत्र सादर करत असून त्यानुसार केवायसी नोंदवावं, नकार असल्यास कारण लेखी द्यावं. मूळ पासपोर्ट, पॅन आणि विवाह प्रमाणपत्र सोबत. तिसरं वाक्य वाचल्यावर व्यवस्थापकांनी खुर्चीवर बसायला सांगितलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. ही पोच सोडू नका. तीस दिवसांत बँकेने काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिथे ही तारीखच लागते. माझ्यावर ती वेळ आली नाही. नाव परत माझं झालं, आणि त्या दिवशी मी पासबुक आवर्जून छापून घेतलं.

तरी साइट अडलेलीच. वारंवार नकार आल्याने ते खातं त्यांच्याकडे ब्लॉक झालं होतं आणि सपोर्ट तोच मजकूर पाठवत होता. तेव्हा वेबसाइटच्या अगदी तळाशी असलेल्या ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’च्या, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या, पत्त्यावर लिहिलं. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार तेव्हा तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यावा लागत होता, तो संदर्भ पहिल्याच ओळीत घातला. रद्द केलेला चेक, नव्या पासबुकचं पहिलं पान, पॅन, पासपोर्ट हे सगळं एकाच पीडीएफमध्ये. लांबलचक कैफियत लिहिली नाही. आठवड्याच्या आत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं आणि पैसे सुटले. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच ठेवून नवऱ्याला फोन केला.

हे सगळं आधीच कळलं असतं, तेही फुकटात. आयकराच्या पोर्टलवर प्रोफाइलमध्ये आपलं बँक खातं पडताळलेलं दिसतं. नाव पॅनशी जुळत नसेल तर पडताळणी तिथेच फसते, आणि कराचा परतावाही त्याच कारणाने अडकतो. केवायसीसाठी बँकेत अंगठा लावून आलात की त्याच दिवशी ॲपमध्ये स्वतःचं नाव बघा आणि मग हे पोर्टल बघा.

कराबद्दल मला सर्वाधिक प्रश्न येतात, म्हणून तेही. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कंपनीने कापायचा कर) आहे. हिशेब असा : वर्षभरात काढलेले पैसे अधिक ३१ मार्चला उरलेली शिल्लक, त्यातून वर्षभरात भरलेले वजा, १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक वजा. समजा सुरुवातीची शिल्लक ४०,००० होती, २०,००० भरले आणि एकूण १,१०,००० काढून वॉलेट रिकामं केलं, तर जिंकलेले ५०,००० आणि टीडीएस १५,०००. सुरुवातीच्या शिल्लकेवर आदल्या ३१ मार्चला कर कापून झालेला असतो, म्हणून ती वजा झालीय ना हे स्टेटमेंटमध्ये स्वतः तपासा. कंपनीने दिलेला बोनस ‘भरलेले’ म्हणून धरत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून भरण्यावर २८ टक्के जीएसटी आला तेव्हा तेवढाच बोनस मिळायचा, आणि अनेकांचा हिशेब तिथेच चुकतो. एका साइटवरचा तोटा दुसरीवरच्या जिंकण्यातून टीडीएससाठी वजा होत नाही.

टीडीएस कापला म्हणजे कर संपला असंही नाही. त्यावर ४ टक्के सेस (उपकर) लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात आणखी ६०० रुपये आपण भरायचे. ८०सी वगैरे वजावटी या उत्पन्नाला नाहीत, खर्चही दाखवता येत नाही, लॅपटॉप नाही की इंटरनेट नाही. पगारदार असलात तरी आयटीआर-१ हे साधं विवरणपत्र चालत नाही. २ किंवा ३ भरावा लागतो. जुलै ते सप्टेंबरमधली कपात आयकर पोर्टलवरच्या कर कपातीच्या नोंदीत (फॉर्म २६एएस) साधारण नोव्हेंबरमध्ये दिसते, कारण कंपनीला विवरण द्यायची मुदत ३१ ऑक्टोबर असते. ऑक्टोबरमध्ये दिसली नाही म्हणून घाबरू नका. डिसेंबरमध्येही दिसली नाही तर मात्र कंपनीला लेखी विचारा आणि टीडीएस प्रमाणपत्र मागा.

बरोबरचे काहीजण आता लाइव्ह खेळायला गोव्याला जातात, मांडवीतल्या बोटींवर. मीही जाऊन पाहिलं. खेळ तोच, पण तासाला हँड फार कमी मिळतात आणि राहण्या-खाण्याचा खर्च लहान एंट्रीला परवडत नाही. माझ्यासारखीचा महिना त्यावर निघणार नाही, म्हणून सध्या मी शिकवण्या घेते, गणिताच्या.

ज्यांचे पैसे अजून अडकलेत त्यांनी ॲप काढून टाकू नका. आधी लॉगिन करून सुरुवातीपासूनचं वॉलेट स्टेटमेंट, प्रत्येक वर्षाचं टीडीएस प्रमाणपत्र आणि केवायसीच्या पानाचा स्क्रीनशॉट उतरवून घ्या. साइट बंद झाली तर हे कागद पुन्हा मिळायचे नाहीत, आणि आयकराकडून विचारणा पुढच्या वर्षीही येऊ शकते.