कापलेल्या जाळ्याचं बिल

"ताई, जाळ्याचं बिल लागेल." फेब्रुवारी ते जून एवढ्या काळात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं. कासव सोडवायला कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळून आता वर्ष होत आलं, तरी ते आठवलं की डोकं तापतं. म्हणून आधी तेच लिहिते, बाकीचं जसं आठवेल तसं.

माझे बाबा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कांडाळीने, म्हणजे पाण्यात उभ्या सोडायच्या जाळ्याने, मासे मारतात. फायबरची छोटी होडी, बाबा, माझा भाऊ आणि एक खलाशी. सुरमईसाठी टाकलेलं जाळं एका पहाटे ओढताना त्यात कासव आलं. ऑलिव्ह रिडले, चाळीसेक किलोची मादी असावी. पुढच्या पंखाभोवती तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) आवळलेला, आणि सुटायच्या धडपडीत तिने आजूबाजूचं जाळं अंगाभोवती पिळून घेतलेलं. बाबा एवढंच म्हणाले, "काप ता." भावाने सुरी चालवली, खलाशाने मोबाईलवर चित्रण केलं, कासव पाण्यात गेलं. त्या पाच मिनिटांत तीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) जाळ्याच्या चिंध्या झाल्या.

राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये निर्णय काढला आहे. कासव, डॉल्फिन, बहिरी (म्हणजे व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. पण अर्ज करायला ते तयार नव्हते. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. "जाळ्यात गावला म्हणून आपणच लिहून द्यायचा आणि मगे केस झाली तर?" असं त्यांचं म्हणणं. ही भीती आमच्या बंदरावर बऱ्याच तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांच्या, मनात आहे. मी दोन संध्याकाळी समजावलं की भरपाई सोडवल्याची आहे, लपवायचं काही नाही. शेवटी त्यांनी सही केली. होडीची नोंदणी, परवाना, आधार, पासबुक, व्हिडिओ, सगळं एका सकाळी जमलं.

आणि मग बिल.

ज्यांना जाळं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कांडाळी कुठल्या दुकानात तयार टांगलेली नसते. तंगुसाचं जाळं किलोवर मिळतं. वरचा दोर वेगळा, तो तरंगत ठेवणारे बोये वेगळे, शिसं वेगळं. हे सगळं आणून अंगणात बसून बाबा आणि आई जोडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत आमच्या घरात पावलोपावली जाळं पसरलेलं असतं. फाटका तुकडा काढायचा, नवा सांधायचा. आमच्या जाळ्यात नऊ वर्षांपूर्वीचा तुकडाही होता आणि गेल्या पावसाळ्यातलाही. त्याचं बिल म्हणजे कशाचं बिल? अर्ज दिला त्या कार्यालयात मी हे पहिल्या दिवशी सांगितलं. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, पण बिल लागेल."

दुसऱ्या खेपेला मी जाळ्याच्या दुकानदाराकडे गेले. त्याने मदत करायची म्हणून आजच्या तारखेचं, पूर्ण जाळ्याचं बिल फाडून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. ज्या माणसाने खरं कासव सोडवलं, त्याच्या अर्जाला खोटा कागद जोडायचा नव्हता. आजही तेच करीन, आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण एक खोटं बिल सापडलं की पुढच्या दहा खऱ्या अर्जांकडे संशयाने बघतात. तिसऱ्या खेपेला मच्छीमार सोसायटीचं पत्र नेलं. ते ठेवून घेतलं, पोच दिली नाही. चौथ्या खेपेला टेबलावर नवा माणूस होता. त्याने अर्जावर पेन्सिलने लिहिलं, "जाळ्याला टेड बसवलेले होते का?" टेड म्हणजे कासवाला बाहेर पडायची वाट करून देणारी लोखंडी चौकट. ती ट्रॉलरच्या ओढायच्या जाळ्यात बसते. ती नाही म्हणून अमेरिका २०१८ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही, इतका तो विषय मोठा आहे. पण कांडाळी पाण्यात भिंतीसारखी उभी असते, तिला चौकट बसवायची कुठे? हे समजावण्यात ती खेप गेली. पाचव्या खेपेला पुन्हा बिल.

या सगळ्यात खरं नुकसान वेगळंच झालं. पाहणीला कोणी येईल म्हणून बाबांनी कापलेलं जाळं सांधलं नव्हतं. पुरावा जाईल ही धास्ती. ऐन सुरमईच्या दिवसांत ते जाळं पडवीत पडून राहिलं आणि बाबा उरलेल्या तोकड्या जाळ्यावर समुद्रात जात राहिले. भरपाईच्या रकमेपेक्षा त्यात जास्त गेलं. आई रोज त्या ढिगाकडे बघायची आणि काही बोलायची नाही. मला तेव्हा वाटत होतं, पुढच्या वेळी बाबा "काप" म्हणताना क्षणभर तरी थांबतील. हीच गोष्ट मला कार्यालयात ओरडून सांगायची होती. होडीवर कासवाच्या बाजूने निर्णय व्हायला हवा असेल, तर किनाऱ्यावर त्या माणसाला इतकं ताटकळत ठेवता येत नाही.

सहाव्या खेपेला मी बाबांना घेऊन गेले आणि थेट मोठ्या साहेबांना भेटले. बाबा मराठीत दोन वाक्यं बोलले आणि मग मालवणीवरच आले, "साहेब, जाळा बघूक येवा. बिल माझ्याकडे नाय, जाळा हा." साहेब दोन दिवसांनी खरंच आले. वाळूवर जाळं पसरलं. वरचा दोर आणि बोये शाबूत होते, मधला पट्टा रिकामा. तो उघडा दोर मोजला, तीस वाव भरला. शेजारचं तेवढंच चांगलं जाळं वजनकाट्यावर टाकलं. सोसायटीने किलोचा चालू भाव लिहून दिला. दोन तांडेलांच्या सह्या झाल्या, पंचनामा झाला. सगळं मिळून अर्धा तास! हे फेब्रुवारीत दुसऱ्याच दिवशी करता आलं असतं. त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, मला मात्र रडू आलं.

मागितले होते ११ हजार २००, खात्यात आले साडेआठ हजार. जुन्या जाळ्याची घट धरली, ते मला मान्य आहे.

म्हणून सांगते, जाळं कापलं की त्याच दिवशी लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्याच. मी तीन महिने पोच न घेता फिरले. पाहणीला दोन-चार दिवसांत कोणी आलं नाही, तर सोसायटीच्या माणसांसमोर दोर मोजा, फोटो काढा आणि जाळं सांधून समुद्रात न्या. कापलेल्या चिंध्या गोणीत भरून ठेवा, समुद्रात तर मुळीच टाकू नका, त्यात दुसरं कासव अडकतं. यापुढे तंगूस घेताना पावती मागा, शंभर रुपयांची असली तरी.

व्हिडिओबद्दल. प्राणी जाळ्यात आहे, जाळं कापतायत आणि प्राणी पाण्यात जातोय, हे तिन्ही दिसायला हवं, आणि होडीचा नंबरही. आमच्यात नंबर नव्हता, त्यावरून एक प्रश्न आलाच. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत चित्रणाची वेळ आणि जागा यांची नोंद राहत नाही.

कासवाच्या पंखाला धातूची पट्टी आहे का तेही बघा. असेल तर काढू नका, नंबराचा फोटो घ्या. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली होती. पूर्व किनाऱ्याचं कासव आपल्याकडे येतं, हे त्या नंबरामुळे कळलं. नोव्हेंबर ते मार्च वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर माद्या चढतात, म्हणून त्याच दिवसांत त्या आपल्या जाळ्यांच्याही जवळ असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. कासव हलत नाही म्हणजे मेलं असं धरू नका. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात अडकून राहिलं की ते गुदमरून निपचित पडतं. लगेच पाण्यात टाकलंत तर बुडून मरेल. उताणं करू नका. पोटावरच ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं, अंगावर ओला कपडा घाला, नाक मोकळं ठेवा, सावलीत राहू द्या. शुद्धीवर यायला कधी काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस. सोडताना इंजिनचा पंखा फिरत नाही ना ते बघा.

यंदा जानेवारीत बाबांच्या जाळ्यात पुन्हा एक आलं, असंच निपचित. बाबांनी या वेळीही लगेच जाळं कापलं. मागच्या बाजूला दोराचं वेटोळं ठेवून ते तीन तास तिच्याजवळ बसून होते. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत होडीचा नंबर स्पष्ट दिसतो, आणि शेवटी ती मान वर करून फुस्सकन श्वास सोडते तेव्हा मागून बाबांचा आवाज येतो, "इला गो बाय."