स्वस्तात वार मिळतो, महागात फक्त तारीख

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे तुम्ही एकटे नाही. गणपतीला मुंबई-पुण्याहून आलेली पोरं काउंटरवर मोबाइल ठेवतात, त्यात घड्याळांचे दोन फोटो असतात आणि प्रश्न ठरलेला: "काका, सिको 5 घेऊ की प्रेसाज?" दोन्ही सिको कंपनीचीच घड्याळं, 5 स्वस्तातलं आणि प्रेसाज महागातलं.

मी घड्याळं विकत नाही, दुरुस्त करतो. चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलांनी टाकलेलं चिंचोळं दुकान आहे, तेच चालवतो. त्यामुळे कुठलं खपलं काय, मला सारखंच. दोन्ही कधी ना कधी माझ्याच टेबलावर यायची आहेत. (जपानी लोक सेइको म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे आखातातून पहिलं घड्याळ आलं तेव्हापासून ते सिकोच आहे आणि आता बदलेल असं वाटत नाही.)

या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी देत नाही. दोन्ही घड्याळं पालथी घालून दाखवतो. सिको 5 स्पोर्ट्स आणि प्रेसाजमधली लोकप्रिय 'कॉकटेल टाइम', दोन्हींना मागे काचेचं झाकण असतं, उघडावंही लागत नाही. आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बघा म्हणतो. पोरगं बघतं, मग माझ्याकडे बघतं. "काका, हे सेमच आहे की!"

जवळजवळ सेमच. स्पोर्ट्समध्ये 4आर36 मशीन असतं, कॉकटेल टाइममध्ये 4आर35. दोन्ही तासाला 21,600 ठोके देतात, पूर्ण चावी भरली की दोन्ही साधारण 41 तास चालतात आणि कंपनी दोन्हींची खात्री एकाच शब्दांत देते: दिवसाला 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे. फरक म्हणाल तर 36मध्ये वार आणि तारीख दोन्ही आहेत, 35मध्ये नुसती तारीख. ज्युवेल (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते माणकाचे बारीक खडे) मोजायची सवय असलेले जुने लोक तर चाटच पडतात, कारण स्वस्तातल्या मशीनमध्ये ती 24 आहेत आणि दीडपट किमतीच्या घड्याळात 23.

मग वरचे पैसे गेले कुठे? घड्याळ सुलटं करा. कॉकटेल टाइमची तबकडी आयग्लासखाली धरून सावकाश कलती करा. मधोमध जिथे काटे बसवलेत, तिथून बारीक रेघा कडेपर्यंत पसरलेल्या दिसतील आणि त्यांच्यावर चढवलेला चकचकीत थर. उजेड एका बाजूने दुसरीकडे असा सरकतो की वाटावं, बशीत पाणी आहे. तासांच्या खुणा वेगळ्या घडवून बसवलेल्या, त्यांच्या कडा धारदार. वर फुगीर काच. हे काम खोटं नाही. मी दिवसभर तबकड्याच बघतो, तरी ही हातात आली की दोन मिनिटं जास्त घेतो.

पण हीच तबकडी रात्रीच्या एसटीत काही कामाची नाही. तिच्यावर अंधारात चमकणारा रंग नाही. स्पोर्ट्सवर तो भरपूर आहे, कशेडी घाटातही वेळ कळते. पाण्याचंही तसंच. स्पोर्ट्सवर 100 मीटर लिहिलेलं असतं, कॉकटेल टाइमवर 50. पन्नास मीटर म्हणजे पन्नास मीटर खोल जायचा परवाना, असं समजून एका गृहस्थांनी त्यांचं भारीतलं घड्याळ (कुठलं ते जाऊ दे) हातात ठेवूनच वाशिष्ठीत सूर मारला होता. दुसऱ्या दिवशी काचेखाली धुकं घेऊन आले. मी तर 50चा अर्थ हात धुवा, पावसात भिजा, एवढाच धरायला सांगतो. बाजूची चावी थोडी बाहेर राहिली असेल, तर तेवढाही नाही.

काचेच्या बाबतीतही वरची पायरी चढल्यासारखं होत नाही. दोन्हींना हार्डलेक्स, म्हणजे कंपनीची स्वतःची कडक केलेली काच. आपटली तर सहसा तग धरते, पण आमच्याकडच्या जांभ्याच्या भिंतीला घासली की रेघ पडते. सहज रेघ न पडणारी नीलम काच हवी असेल, तर प्रेसाजमध्येच अजून वर जावं लागतं. तिथे शार्प एज्ड नावाची मालिका आहे, तबकडीवर जपानी असानोहा नक्षी, आत 6आर35. तिथे मात्र मशीन खरोखर बदलतं. ते 70 तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलंत, तर सोमवारी ऑफिसला निघताना चालूच असेल. 4आरवालं रविवारी दुपारीच बंद पडलेलं असतं. वेळेची खात्रीही आवळलेली आहे, 25 सेकंद पुढे ते 15 सेकंद मागे. आणि किंमत? स्पोर्ट्सच्या साधारण तिप्पट.

आता जे ऐकून पोरांचा चेहरा पडतो, ते सांगतो. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू, ते काळं प्लास्टिकचं, 1989पासून मिळतंय. ते महिन्याला 30 सेकंद इकडे-तिकडे होतं. महिन्याला. ही 4आरवाली ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी) मंडळी एवढी चूक एका दिवसात करू शकतात. तेव्हा 'प्रीमियम'मध्ये वेळ जास्त बरोबर मिळते, ही समजूत या किमतीत तरी डोक्यातून काढून टाका. सोनाटा की टायटन असं विचारणाऱ्यांनाही हेच सांगतो. दोन्ही एकाच कंपनीच्या, बॅटरीवर दोन्ही वेळ चोख दाखवतात. जास्तीचे पैसे केस, मुलामा, काच आणि चेनला जातात.

बरं, खात्री 45 सेकंदांची असली तरी घड्याळ तेवढं चुकतंच असं नाही. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चूक दाखवणाऱ्या यंत्रावर) ठेवायचं, बॅलन्स म्हणजे झुलणाऱ्या चाकाजवळचा छोटा दांडा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. मशीन स्वच्छ असेल, तर पाचसात सेकंदांवर आणता येतं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते स्वस्त-महाग दोन्हींवर सारखंच होतं. सर्व्हिसिंगचे पैसेही मी दोन्हींना सारखेच घेतो. मशीन खोलणं तेच, धुणं तेच, तेल तेच. प्रेसाजवाल्यांना याचा थोडा राग येतो, सिको 5वाल्यांना आनंद होतो. माझा नाइलाज आहे.

यंदा गणपतीत असाच एक पोरगा आला. खिशातून आधी आजोबांचं घड्याळ काढलं. कुवेतहून आणलेलं जुनं सिको 5, चेन ढिली, काच रेघांनी पांढरी. आमच्या भागात अशी घड्याळं अजून घरोघरी आहेत. ही मालिका 1963ची. पाच म्हणजे पाच वचनं: आपोआप चावी, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्याजवळ आत दबलेली चावी आणि दणकट केस व चेन. पोराने आणलेलं ते जुनं घड्याळ 7एस26 मशीनचं होतं. त्याला हाताने चावी देता येत नाही आणि चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. 2019मध्ये सिको 5 स्पोर्ट्स नव्याने आलं, ते या दोन्ही सोयी घेऊन. साध्या मालिकेची खरी बढती मी तिला म्हणेन. प्रेसाजवाल्यांकडे आहे त्याच जातीचं मशीन खालच्या मजल्यावरही आहे.

आजोबांच्या घड्याळात वार इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही भाषांत होते. बारा वाजून गेले की इंग्रजी वार सरकतो, मधे काही वेळ अरबी वार खिडकीत येतो आणि मग पुढचा इंग्रजी. लहानपणी रात्री उठलं की त्याला तो दिसायचा. आजोबा झोपल्यावर घड्याळ कुवेतला जातं, असं त्याला वाटायचं म्हणे. (जाता जाता: रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात वार-तारीख चावीने बदलू नका. आत चाकाचे दाते एकमेकांत अडकलेले असतात. मोडलेले दाते मी बरेच बदललेत.)

त्याचा साखरपुडा ठरला होता. मी त्याला हे सगळं सांगितलं, दोन्ही घड्याळं पालथी करून दाखवली आणि माझं मतही दिलं: रोज लोकलने जायचं असेल, एकच घड्याळ ठेवायचं असेल, तर सिको 5 घे आणि उरलेल्या पैशांत आजोबांच्या घड्याळाला नवीन काच बसव. तुला दिवसातून दहा वेळा विनाकारण मनगटाकडे बघायला आवडणार असेल, तर प्रेसाज घे, फक्त मशीनच्या नावाखाली घेऊ नकोस. वरच्या 6आरच्या भानगडीत पहिल्याच घड्याळाला पडू नये, असंही म्हणालो.

त्याने कॉकटेल टाइम घेतलं, निळ्या तबकडीचं. दिवाळीत आला, दिवसाला बावीस सेकंद पुढे पळत होतं, ते मी सहावर आणून दिलं. आजोबांचंही ऑइलिंग करून, काच बदलून तयार होतं. सोबत आजी आली होती. तिने जुनं घड्याळ पदराने पुसून पिशवीत ठेवलं, मग नातवाचा हात ओढून नवीन घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिली.

"गोरंगोमटं आहे हो," म्हणाली. "पण यात वार कुठाय?"