पट्टी हिरवी झाली, पण रक्त नव्हतं

मांड्या दुखतात एवढीच तक्रार घेऊन २६ वर्षांचा मुलगा कॅज्युअल्टीत आला, तेव्हा मी त्याला तीन मिनिटांत मोकळं करण्याच्या बेतात होतो. आठ महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा जिम, मित्रांशी पैज आणि ३०० बैठका. आज तिसरा दिवस. सवय नसलेल्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अंग सगळ्यात जास्त ठणकतं. हे इतकं रोजचं, की केसपेपरवर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन लिहून मी पुढच्या पेशंटकडे वळलोही.

सिस्टरांनी हाक मारली. "डॉक्टर, सुई टोचण्याआधी याची लघवी बघता का?"

कमोडवर बसता येईना म्हणून त्यांनी त्याला बाटली दिली होती. आत जे होतं ते कोलाच्या रंगाचं. लघवी तपासायची पट्टी बुडवली तर रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला. लॅबमधून फोन आला: सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नाहीतच. म्हणजे पट्टी ज्याला रक्त म्हणत होती, ते होतं मायोग्लोबिन, स्नायूंमधलं प्राणवायू साठवणारं प्रथिन. ढोबळमानाने २००च्या आत असावं ते सीके, म्हणजे स्नायू मोडले की रक्तात उतरणारं एन्झाइम, ८६,००० निघालं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिनही वर सरकलेलं होतं.

मी केसपेपरवरची ती ओळ खोडली. वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनांमधली बरीचशी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि याच्या मूत्रपिंडावर आधीच मोडलेल्या स्नायूंचा गाळ येऊन पडत होता. सिस्टर बोलल्या नसत्या तर? तो प्रश्न मी अजून पुरता सोडलेला नाही.

या आजाराचं नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस. १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत. ती चिरडलेल्या स्नायूंमुळे. इथे तर भिंत पडलीच नव्हती. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो, आणि सवय मोडलेले तंतू तिथेच फाटतात. पेशी फुटल्या की पोटॅशियमही रक्तात येतं आणि ते हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणून मॉनिटर, दर काही तासांनी रक्त आणि सलाईनवर सलाईन. तासाला साधारण २०० मिली लघवी व्हायला हवी, एवढंच आमचं त्या रात्रीचं ध्येय.

"पण मी आधी ४०० मारायचो," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. खरंच मारत असेल. त्या बैठका मारणारे पाय आठ महिन्यांपूर्वीचे होते. पैज मात्र आजच्या पायांनी लावली. ३०० हा आकडा मुळात वाईट नाही. शून्यावरून एका दिवसात तिथे उडी मारणं वाईट.

वडिलांचा निकाल तयार होता. "मी सांगतच होतो. आता जिम बंद."

मला ते पटेना. कॅज्युअल्टीत व्यायामाने आजारी पडलेला माणूस क्वचित येतो. बसून आजारी पडलेले रोज येतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं माप मी त्यांना सांगितलं: प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा दमछाक करणारा ७५ ते १५०, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. मुलाला म्हटलं, सीके उतरेपर्यंत विश्रांती, मग आधी नुसतं चालणं, आणि बैठका १० पासून. तोंड वाकडं केलं त्याने.

वडील थोडा वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "आणि मी? मला साखर आहे. चालणं असं काहीच नाही."

शुगरच्या गोळ्या, पाय, छातीत कधी दुखतं का, हे विचारून घेतलं. मग रोज १० मिनिटं, एवढंच सांगितलं. चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, इतपत वेग. दर आठवड्याला थोडी भर.

पाचव्या दिवशी राउंडला गेलो तर दोघं वॉर्डाच्या बोळात चालत होते. लघवी कधीच स्वच्छ झाली होती, मांड्या मात्र अजून आखडलेल्या. वडील चार पावलं पुढे. मागून मुलगा म्हणत होता, "बाबा, जरा हळू."